गॅलरीतली जिंजी आणि आईचा वेढा

आधी पत्र वाचा. थोडं कापलंय आणि ओळख पटेल असं काढून टाकलंय, बाकी जसं आलं तसंच आहे.

"मावशी, मी ३५ वर्षांची, पुण्यात सीए आहे, लहानपण साताऱ्यात गेलं. आमच्या कॉलनीतून अजिंक्यतारा दिसायचा आणि दिवाळीत आम्ही सगळी पोरं मिळून किल्ला करायचो. आम्ही म्हणजे मुलगे करायचे, माझ्याकडे पाणी आणणे, माती चाळणे आणि हळीव पेरणे. २००१ च्या दिवाळीत मी भांडून एक गुहा मिळवली, एकटीने केली, आत वाघ बसवला, आणि भाऊबीजेला संध्याकाळी शेजारच्या मुलाने सुतळी बॉम्ब लावून ती उडवली. मी कट्टी घेतली. पुढच्या मे मध्ये बाबांची बदली नगरला झाली आणि बट्टी राहूनच गेली.

यंदा मामाने एक स्थळ आणलं. बायोडेटा बघून मला काही टोटल लागली नाही, आणि कांदेपोह्यांना समोर तोच! आई पॅकेज विचारतेय, आणि हा माझ्याकडे बघून म्हणतो, ती गुहा मी नव्हती उडवली, पप्याने उडवली. माझ्या नाकातून चहा आला. तेव्हापासून चार महिने भेटतोय. तो वाकडला वन बीएचके मध्ये राहतो आणि अजून दर दिवाळीत गॅलरीत किल्ला करतो. यंदा जिंजी केली होती. तीन डोंगर! कपडे वाळत घालायला जागा नाही. आई ते बघून आली आणि म्हणाली, हा घोडा अजून खेळतोय, हा काय संसार करणार.

माझा प्रॉब्लेम वेगळाय. त्याच्याबरोबर असले की मी अकरा वर्षांची होते. रस्त्यात पेप्सीकोला चोखत चालते, मोठ्याने हसते, आणि सोमवारी ऑडिटला बसले की परत ३५. परवा रूममेटने तो थर्टीन गोइंग ऑन थर्टी लावला होता, त्यातलं ते बाहुलीघर बघून मी इतकी रडले की तिने पॉज केलं. मी त्याच्या प्रेमात आहे की माझ्याच अकराव्या वर्षाच्या, हे मला कळत नाहीये. हो म्हणू का?

तुमची, गुहावाली"

अगं गुहावाली,

पत्र सकाळी उघडलं आणि पप्यापर्यंत आले तेव्हा दूध उतू गेलं, ते पुसून मग पुढचं वाचलं. उत्तर लांबणार आहे, ऑडिट संपवून बस.

आधी आईचं घेऊ, ते सोपंय. त्याने जिंजी केली म्हटलीस तेव्हाच मला हा मुलगा थोडा आवडला, खोटं कशाला बोलू. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले ११ आपल्याकडचे आणि एक पार तामिळनाडूत, तो हा जिंजी. बाकी सगळं पब्लिक रायगड नाहीतर प्रतापगड करणार आणि हा पठ्ठ्या वाकडच्या गॅलरीत जिंजीचे तीन डोंगर उभे करतो, म्हणजे तो नुसता माती चिवडत नव्हता, त्याने वाचलं असणार, नकाशा बघितला असणार. तुला राजाराम महाराज पण ऐकवले असतीलच दोन तास. तिथे मोगलांचा वेढा जवळजवळ आठ वर्षं पडला होता, १६९० ते १६९८. तू सत्तावीसची झालीस तेव्हापासून आईने स्थळांचा लकडा लावला असेल असं धरलं तर तिचा वेढाही साधारण तेवढाच झाला की. तेव्हा आईवर चिडू नकोस, ती पण दमलीये. (महाराज शेवटी निसटले होते, एवढं फक्त लक्षात ठेव.)

आईचा मुद्दा अगदीच फालतू नाहीये मात्र. ती चुकीच्या जागी बोट ठेवतेय पण दुखणं आहे तिथेच जवळपास. पुरुषात मूल असतं म्हणजे नेमकं कुठलं मूल असतं हे बघावं लागतं, कारण मुलं काय एकाच प्रकारची नसतात, मी सव्वीस वर्षं शाळेत काढली आहेत, मला विचार. एक असतं ते खेळतं, मातीत हात घालतं, भूक लागली की घरी येतं. एक असतं ते रुसतं. आणि एक असतं ते खेळून झालं की पसारा तसाच टाकून आई आईऽऽ करत पाणी मागतं. लग्नाच्या बाजारात तिन्हींना एकच सर्टिफिकेट मिळतं, मनाने अजून लहान आहे हो आमचा.

आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचं आहे. आमचे हे आयुष्यात कधी मातीला हात लावणार नाहीत, पत्ते खेळणार नाहीत, नातवाने बॉल टाकला तर बाजूला होतात, एकदम गंभीर माणूस, लग्नात सगळे म्हणाले काय मॅच्युअर नवरा मिळाला. आणि १९९४ साली मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, भाताचा गोळा झाला, यावर हा मॅच्युअर माणूस माझ्याशी चार दिवस बोलला नाही. चार दिवस! मीठ हवं असलं की मुलाला सांगायचा, आईला सांग मीठ दे. तर असं. ज्याच्यातलं मूल दिसतच नाही त्याच्यात ते नसतं असं नाही, ते आत कोपऱ्यात गाल फुगवून बसलेलं असतं, आणि त्याच्याशी संसार करणं हे तीन डोंगर गॅलरीत असण्यापेक्षा कठीण, मी सांगते.

म्हणून आईने विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारते. दिवाळी संपल्यावर गॅलरी कोणी धुतली?

हसू नकोस, मी सिरियसली विचारतेय. किल्ला म्हणजे काय ते तुला माहितीये, तू माती चाळलेली बाई आहेस. दगड विटा आणायच्या, वर गोणपाट टाकायचं, लाल माती कालवून लिंपायची, आगपेटीने पायऱ्या पाडायच्या, बशीचं तळं, हे सगळं करताना जगातला कुठलाही माणूस खूश असतो. तुळशीच्या लग्नापर्यंत हळीव पिवळं पडतं, माती वाळून उडायला लागते, गॅलरीच्या जाळीत गाळ अडकतो, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. त्यानंतर जे होतं तो संसार. त्याने बादल्या भरभरून माती खाली सोसायटीच्या झाडांना नेऊन टाकली का, मावळे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवले का, की अजून आहे ते सगळं तसंच आणि कामाच्या मावशी वैतागल्यात? तू चार महिने जातेयस येतेयस, तुला दिसलं असेल. दिसलं नसेल तर उद्या जा आणि बघ. तो प्रकार एक आहे की तीन, ते जाळीत कळेल.

आणखी पण बघ, तो चिडतो तेव्हा काय करतो. तुमचं भांडण झालंय का एकदा तरी नीट? चार महिने नुसता पेप्सीकोला चाललाय असं पत्रावरून वाटतंय. घराचा हप्ता किती, त्याच्या आईवडिलांचं म्हातारपण कोण बघणार, तुला मुलं हवीत का, तू नोकरी सोडणार नाहीस हे त्याला माहितीये का, हे बोलताना तो टाइमप्लीज म्हणून पळतो की बसतो समोर? हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तू लोकांचे ताळेबंद तपासतेस, मी त्यात वेळ घालवत नाही.

आता तुझा खरा प्रश्न.

तो सिनेमा मी पण बघितलाय, मुलीने दाखवला होता, २००४ चा आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९८७ साली तेरा वर्षांची एक मुलगी, तिला घाईघाईने तीस वर्षांची व्हायचंय, शेजारचा मित्र तिच्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने एक बाहुलीघर बनवून आणतो आणि वर चमचमणारी इच्छेची पूड, ती त्याच्यावरच ओरडते, ती पूड तिच्या अंगावर सांडते आणि पुढच्या मिनिटाला ती न्यूयॉर्कमध्ये तीस वर्षांची होऊन उठते. नोकरी भारी, कपडे भारी, आणि आपण मधल्या सतरा वर्षांत एक नंबरच्या खडूस झालोय हे तिला हळूहळू कळतं. मग ती मित्राला शोधते, तर त्याचं लग्न ठरलेलं. जेनिफर गार्नर आहे, मार्क रफेलो आहे, मायकेल जॅक्सनच्या थ्रिलर गाण्यावर एक नाच आहे ज्यात मी पण सोफ्यावर बसून हात हलवले होते.

तुला बाहुलीघर बघून रडू आलं यात नवल काय, ते बाहुलीघर म्हणजे किल्लाच की. फक्त तुझ्या बाबतीत उलटं झालंय. तिथे मुलाने केलं आणि मुलीने लाथाडलं. इथे मुलीने गुहा केली आणि मुलाने (किंवा पप्याने) उडवली. तू बघताना स्वतःला त्या नायिकेच्या जागी ठेवतेयस, पण बाई, तू या गोष्टीत बाहुलीघर बनवणारी आहेस. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि तो सिनेमा शेवटी लबाडी करतो. तो मित्र तिला अगदी बरोबर सांगतो, की आता उशीर झाला, मी माझं ठरलेलं लग्न मोडणार नाही, आणि ते बाहुलीघर परत देतो. तिथे संपला असता तर काय सिनेमा झाला असता! पण नाही, तिला रडताना परत ती पूड मिळते, परत तेराची होते, सगळं पहिल्यापासून नीट करते आणि गुलाबी घरात संसार. आपल्याला पूड मिळत नाही. तुझी २००१ ची दिवाळी परत येणार नाही, त्याने हजार वेळा पप्या पप्या केलं तरी. लग्न करून पण येणार नाही. कारण लग्न केलंस की पुढच्या दिवाळीत तू त्याच्या गॅलरीत उभी असशील आणि तो म्हणेल, ए जरा पाणी दे ना, आणि तेवढं हळीव पेर. तेव्हा तुझ्यातल्या अकरा वर्षांच्या मुलीचं काय होईल याचा विचार कर.

मला त्यातला वेगळाच सीन आवडतो. सगळं बिनसल्यावर ती मुलगी ट्रेन पकडून आईबाबांच्या घरी जाते, आणि तीस वर्षांची घोडी दोघांच्या मध्ये जाऊन झोपते. बस. त्यात हिरो नाही. तिला आधी काय हवं होतं ते तिथे कळतं, प्रेमबिम नंतरचं.

तुझ्या पत्रात प्रेमाबद्दल एकच ओळ आहे बघ, आणि गुहेबद्दल किती आहे. मी मोजलं नाही, पण आहे. वाघ बसवला हे पण तू लिहिलंस. चोवीस वर्षांनी बाईला वाघ आठवतो! मुलींचं हे असंच होतं गं, मी वर्गात बघितलंय, पाचवीत लगोरी खेळणारी, राज्य घ्यायला न घाबरणारी पोरगी सातवीत गेली की कठड्यावर बसून मुलांच्या दप्तरांकडे लक्ष देत असते. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही, फक्त मोठी झालीस ना आता एवढंच म्हणतात आणि खेळ जातो. मुलांचा जात नाही, त्यांचा गल्ली क्रिकेटमध्ये, मग ऑफिस टीममध्ये, मग गॅलरीत चालूच राहतो. तुझा अकराव्या वर्षी बंद पडला, तोही स्फोट होऊन. मग शाळा, मग सीए, ते काय सोपं असतं, त्यात कुठे वेळ. आणि आता एक माणूस आला ज्याच्याजवळ ती माती अजून ओली आहे, तर तुला तिचा वास आला आणि तू धावलीस. यात चूक काही नाही. पण तहान लागली म्हणून कोणी विहिरीशी लग्न करतं का?

या विषयावर आजकाल आतलं मूल, त्याला मिठी मारा, त्याला पत्र लिहा असं खूप चालतं. मला ते जरा गुळगुळीत वाटतं. त्यापेक्षा कार्ल युंगची गोष्ट बरी. स्वित्झर्लंडचा मानसोपचारतज्ज्ञ, फ्रॉइडशी फाटलं होतं, १९१३ च्या आसपासची गोष्ट, वय साधारण तुझ्याएवढंच, अडतीस वगैरे. काहीच सुचेना, डोकं चालेना. मग त्याला आठवलं की दहा अकरा वर्षांचा असताना आपण ठोकळ्यांची घरं आणि किल्ले बांधायचो आणि कसे रमायचो. म्हणजे ते पोरगं अजून कुठेतरी जिवंत आहे आणि मी मात्र वाळलोय. तर या बायकोमुलं असलेल्या, नाव कमावलेल्या डॉक्टरने काय करावं? घराशेजारी तळं होतं, त्याच्या काठचे दगड गोळा करून गाव बांधायला घेतलं. घरं, चर्च, आणि हो, किल्ला पण! रोज जेवण झालं की जायचा, पेशंट येईपर्यंत बांधायचा. त्याने नंतर लिहून ठेवलंय की पोरखेळ करण्याशिवाय आपल्याला काही गत्यंतर नाही हे मान्य करणं फार अपमानास्पद वाटलं होतं. हे मला खूप खरं वाटतं, तू पण रस्त्यात पेप्सीकोला चोखताना इकडे तिकडे बघत असशील क्लायंट दिसतोय का. पण त्यातूनच त्याचं पुढचं सगळं काम सुरू झालं. (त्याच्या बायकोने, एमाबाईंनी, ते चिखलाचे बूट घरात कसे चालवून घेतले याबद्दल मला कुतूहल आहे.)

त्याने ते दुसऱ्या कोणाच्या गॅलरीत जाऊन केलं नाही, एवढंच मला तुला दाखवायचंय.

तर काम देते. हो पण म्हणू नकोस, नाही पण म्हणू नकोस, आधी किल्ला कर. तुझा. तुझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रूममेटला विश्वासात घेऊन, तू रडताना पॉज करणारी आहे म्हणजे चांगली मुलगी आहे ती. दिवाळीची वाट बघायची गरज नाही, माती काय नर्सरीत बारा महिने मिळते. त्याला सांगायचं नाही, सल्ला मागायचा नाही, जिंजीचे फोटो समोर ठेवायचे नाहीत. जो किल्ला तुला करायचा तो कर, वाटल्यास नुसती गुहाच कर गॅलरीभर, कोण विचारतंय. आईला बोलाव एक दिवस. काही बोलू नकोस, तिच्यासमोर माती कालव. आई लोकांचं एक असतं, दहा मिनिटं नाकं मुरडतात आणि अकराव्या मिनिटाला म्हणतात, सरक, तुला जमत नाहीये. तिला विचार ती काय खेळायची. सागरगोटे, काचापाणी, काहीतरी निघेल, आणि कधी बंद झालं ते पण निघेल. तिच्याकडे पण एक उडवलेली गुहा असणार, माझी पैज.

किल्ला पूर्ण झाला की स्वतःकडे बघ. माती हाताला आहे, वाघ आत बसलाय. आता पहिल्यांदा कोणाला फोन करावासा वाटतो? कोणालाच नाही, पोट भरलं असं वाटलं, तर त्या मुलाशी छान मैत्री ठेव, त्याला स्पष्ट सांग, लटकवू नकोस, तो बिचारा चोवीस वर्षं पप्याचं पाप डोक्यावर घेऊन फिरतोय. पण जर वाटलं की याला दाखवायला हवं, तो नक्की म्हणेल बुरूज वाकडा आहे, आणि आपण त्याच्याशी त्यावरून भांडू, आणि तुला ते भांडण आत्ताच ऐकू यायला लागलं, तर बाई फोन लाव. मग ते अकराव्या वर्षाचं नाही, ३५ चंच आहे.

आणि आला तर त्याला पाणी आणायला लाव.

प्रॅक्टिकल सांगायचं तर गुहा आधी कर आणि मग वरचा डोंगर लिंप, मागून पोखरायला गेलीस की कोसळते, आम्ही दर वर्षी हीच चूक करायचो. आत पत्र्याचा डबा आडवा ठेव म्हणजे छत टिकतं. हळीव ओल्या मातीवर नुसतं भुरभुरव, तीन चार दिवसात येतं, मोहरी पण चालते, पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, नाहीतर पायऱ्या वाहून जातात. वाघ मातीचा मिळाला तर बघ, प्लास्टिकचा नको, शोभत नाही.

आणि पप्याचा नंबर कुठून मिळाला तर त्याला विचारून मला कळव, मला आता झोप लागणार नाहीये.

तुझी मावशी